फिटनेस बँड: मनगटावरचा हिशोब किती खरा?

फिटनेस बँड पावले मोजतो ती हाताच्या हालचालीवरून. आतला प्रवेगमापक प्रत्येक झोका टिपतो. शहापूरजवळच्या महामार्गाकडेने सकाळी फिरणाऱ्याची पावले त्यामुळे बरीचशी बरोबर येतात. बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईचे मात्र गणित चुकते: दिवसभराचे कष्ट, पण पावले जेमतेम!

नाडीसाठी बँड त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्तप्रवाहानुसार परत येणाऱ्या प्रकाशातला बदल वाचतो. पट्टा सैल असेल किंवा मनगटावर गडद गोंदण असेल, तर आकडा फसवा निघू शकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणे तपासली. सहांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले. म्हणजे बँडवरच्या कॅलरी पाहून जादा भात वाढून घेणे धोक्याचेच.

खरा फायदा सवयीचा. कालच्यापेक्षा आज किती चाललो, हे दिसले की पाय आपोआप घराबाहेर पडतात. रोजच्या १०,००० पावलांचे उद्दिष्ट मात्र वैद्यकशास्त्रातून आलेले नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून ते रूढ झाले. छातीत दुखत असेल तर बँडकडे पाहू नये, थेट दवाखाना गाठावा.