यकृतातल्या दमलेल्या टी-पेशी

जबलपूरमधला मदन महलचा किल्ला पाहायला गेलेला माणूस पहिल्यांदा थोडा हिरमुसतो. महाल म्हणावा असं तिथे काही नाही. टेकडीवरच्या खडकावर गोंड राजांनी बांधलेली एक आटोपशीर वास्तू, बहुधा टेहळणीचीच. खाली नागपूर रोडला १९५५ सालचं मेडिकल कॉलेज आहे आणि १९८४ साली सुरू झालेली आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्थाही. लिव्हरच्या कॅन्सरचं निदान झालं की इथली मराठी कुटुंबं नागपूर-मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावतात, आणि हल्ली त्या बोलण्यात ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द हमखास येतो. ती कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, याचं निम्मं उत्तर रोगप्रतिकारशक्तीच्या दमलेल्या टी-पेशींत आहे.

चौकीवर वर्षानुवर्षं उभा असलेला, कोणी बदलीच न दिलेला पहारेकरी डोळ्यांपुढे आणा. उपमा इथवरच चालते, कारण टी-पेशीला झोप लागत नाही. तिचा स्वभावच पालटतो. विषाणू किंवा गाठ समोरून हटतच नाही, तेव्हा ती आधी स्वतःची संख्या वाढवण्याची ताकद गमावते, मग एकेक रसायन सोडणं थांबवते. इंटरफेरॉन-गॅमा बहुतेक वेळा सर्वांत शेवटी जातं. पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा ब्रेक कायमचा दाबलेला राहतो. हा रेणू १९९२ मध्ये क्योटोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तो झाकला तर दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, हे २००६ मध्ये उंदरांत दाखवलं ते मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१८चं नोबेल होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं.

यकृतात पेशींचं हे दमणं अधिक बिकट होतं. आतड्यातून येणारं रक्त आधी इथे येतं, त्यात अन्नाचे आणि जिवाणूंचे अंश असतातच. प्रत्येकावर तुटून पडायचं म्हटलं तर यकृत कायम सुजलेलंच राहील. म्हणून हा अवयव मुळात सोशिक आहे. कॅन्सरपर्यंत नेऊ शकणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू नेमका याच सोशिकपणाचा फायदा घेतो. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत तो मुक्कामाला राहतो. धडधाकट प्रौढात मात्र शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत.

२०२०च्या आयएमब्रेव्ह१५० चाचणीत यकृताच्या कॅन्सरचे ५०१ रुग्ण होते. पीडी-१चा ब्रेक सैल करणारं इम्युनोथेरपीचं औषध अटेझोलिझुमॅब आणि सोबत बेव्हासिझुमॅब ही जोडी घेणाऱ्यांपैकी वर्षभराने सुमारे ६७ टक्के हयात होते, सोराफेनिब या जुन्या औषधावर ५५ टक्के. प्रगती खरी, पण जादू म्हणावी अशी नव्हे. पार दमलेल्या पेशींची जनुकीय घडी ‘टॉक्स’ नावाचं प्रथिन बसवून टाकतं, आणि ती औषधाने सहसा उलगडत नाही. औषधाला प्रतिसाद देतात त्या मुख्यतः अजून पुरत्या न दमलेल्या, मूळपेशींसारख्या थोड्या टी-पेशी. त्यातून बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासतात. हे घरच्यांना कोणी नीट सांगत नाही आणि मग ‘उगाच आणखी एक तपासणी’ अशी कुरकुर होते.

फॅटी लिव्हरमधून झालेल्या कॅन्सरचं कोडं वेगळंच आहे. २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात पीडी-१ रोखल्यावर यकृताचं नुकसान उलट वाढलं. माणसांत हे कितपत खरं, यावर वाद चालू आहे. पोट सुटलेल्या, मधुमेही शहरांनी त्यावर लक्ष ठेवलेलं बरं.

हिपॅटायटिस बीपुरता मात्र वाद नाही. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. आपल्याकडे ही लस २०११ पासून देशभराच्या लसीकरणात आहे. पहिला डोस चोवीस तासांच्या आत. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती बाळपणी मिळालेली नाही. अनेकांना ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह’, म्हणजे रक्तात हा विषाणू असल्याची खूण, हे शब्द पहिल्यांदा दिसतात ते रक्तदानानंतर. २०१८ साली सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हा विषाणू सिरॉसिस न होताही कॅन्सर घडवू शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ठणठणीत वाटत असतानाही दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही.