चिकित्सकाचे वैधानिक उत्तरदायित्व आणि त्याची पूर्वतयारी

वैद्यकीय शिक्षण चिकित्सकास निदान व उपचार शिकविते. कायद्याने सोपविलेला निर्णय घेण्याची सिद्धता त्यातून आपोआप येत नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. कारण तेथे चिकित्सकाच्या स्वाक्षरीने रुग्णाच्या स्वातंत्र्याचा संकोच होऊ शकतो.

भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णास ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा वैद्यकीय व्यवसायी, अशा दोघांनी प्रवेशाच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत रुग्णाची स्वतंत्रपणे तपासणी करावयाची असते. येथे ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द कळीचा होय. रुग्णालयातील श्रेणीव्यवस्थेत कनिष्ठाने वरिष्ठाच्या मताखाली केवळ सही केली, तर कायद्याने योजिलेले संरक्षण नाममात्र उरते. म्हणून मतभेद नोंदविण्याचे धैर्य हाही प्रशिक्षणाचाच विषय मानावयास हवा.

याहून बिकट प्रश्न निर्णयक्षमतेचा आहे. कलम ४ मध्ये तिची तीन गमके दिली आहेत : संबंधित माहिती समजणे, निर्णयाच्या संभाव्य परिणामांची जाण असणे आणि निर्णय व्यक्त करता येणे. मूळ इंग्रजी पाठात ही गमके ‘किंवा’ या अर्थाच्या शब्दाने जोडलेली आहेत. त्यामुळे एक गमक पुरेसे की तिन्ही आवश्यक, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न उद्भवतो. शिवाय, रुग्णाचा निर्णय इतरांना अयोग्य वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही, असे हेच कलम बजावते. रुग्णाचे हित पाहण्याची सवय जडलेल्या चिकित्सकास ही मर्यादा पाळणे सर्वांत कठीण जाते. क्षमतेच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक दस्तऐवजाची तरतूद कलम ८१ मध्ये आहे. परंतु दस्तऐवज वाचणे म्हणजे मूल्यमापन करता येणे नव्हे.

या संदर्भात इंग्लंडमधील व्यवस्था उद्बोधक आहे. तेथे १९८३ च्या कायद्याने विशेष मान्यताप्राप्त समाजकार्यकर्त्यांकडे दिलेली भूमिका २००७ च्या दुरुस्तीने परिचारिका, मानसशास्त्रज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञ यांनाही खुली झाली. मात्र या भूमिकेसाठी स्वतंत्र प्रशिक्षण व स्थानिक प्राधिकरणाची मान्यता आवश्यक असते, आणि डॉक्टरास ती स्वीकारता येत नाही.

भारतीय अधिनियमाचे कलम ३१ सार्वजनिक आरोग्यसंस्थांतील व कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. हे आवश्यकच आहे. तथापि सेवा देण्याचे कौशल्य आणि न्याय्य निर्णयाचे कौशल्य ही दोन भिन्न होत. दुसऱ्यासाठी पर्यवेक्षणाखालील मुलाखती, निर्णयाची कारणे लेखी मांडण्याचा सराव आणि पुनर्विलोकन मंडळापुढे ती समर्थपणे मांडण्याची तयारी यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमात समावेश व्हावयास हवा. ज्या निर्णयाची कारणे लिहिता येत नाहीत, त्याच्या आधारे कोणाचेही स्वातंत्र्य रोखले जाऊ नये.