तुडतुडे : पर्वतीय गवताळ प्रदेशांतील नव्या जातींचे वर्णन

हेमिप्टेरा गणातील सिकॅडेलिडी कुलाच्या कीटकांना सामान्यतः तुडतुडे म्हणतात. आंब्याच्या मोहोरावरील व भातावरील तुडतुडे शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. या कुलातील सु. २२,००० जातींची वर्णने झालेली असून वर्णन न झालेल्या जातींची संख्याही मोठी असावी, असे तज्ञांचे मत आहे. उंच डोंगरांवरील गवताळ प्रदेशांत अशा जाती सापडण्याचा संभव विशेष असतो. एखादी जाती नवी आहे हे ठरविणे, तिचे शास्त्रीय वर्णन करणे व तिला नाव देणे यांची रीत ठरलेली आहे. तीत बाह्य रूपापेक्षा अंतर्रचना, पोषक वनस्पती व प्राप्तिस्थान यांना अधिक महत्त्व असते.

सामान्य लक्षणे : गवतावरील बहुतेक तुडतुडे ३ ते ५ मिमी. लांब, पाचरीच्या आकाराचे आणि हिरवट, पिवळसर किंवा वाळलेल्या गवतासारख्या रंगाचे असतात. मागच्या पायांच्या नडग्यांवर राठ केसांच्या ओळी असतात. हे या कुलाचे ओळखण्याचे सोपे लक्षण होय. मुखांगे सोंडेसारखी असून त्यांच्या साहाय्याने कीटक वनस्पतीतील रस शोषून घेतो. मादी अंडनिक्षेपकाने गवताच्या पानात किंवा खोडात अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू पाच अवस्थांतून जाऊन प्रौढ होते, कोशावस्था नसते. गवतावर उपजीविका करणाऱ्या जाती मुख्यत्वे डेल्टोसेफॅलिनी या उपकुलात आढळतात. सिकॅडेलिडी कुलातील हे सर्वांत मोठे उपकुल असून त्यात ६,६०० हून अधिक जाती आहेत.

पर्वतीय जातींचे वैशिष्ट्य : डोंगरमाथ्यावरील गवताळ पट्टे एकमेकांपासून दऱ्याखोऱ्यांनी व वनांनी विभागलेले असतात; समुद्रातील बेटांशी त्यांची तुलना करता येते. अशा ठिकाणच्या कित्येक तुडतुड्यांचे पंख आखूड असतात व त्यांना उडता येत नाही. ते गवताच्या बुंध्याशी राहतात. त्यामुळे एका माथ्यावरील समूहाचा दुसऱ्या माथ्यावरील समूहाशी संबंध तुटतो आणि दीर्घ काळानंतर त्यांच्या निरनिराळ्या जाती बनू शकतात. मात्र पंखांची लांबी हे जातीचे खात्रीलायक लक्षण नव्हे. एकाच जातीत आखूड व लांब पंखांचे असे दोन्ही प्रकार आढळतात.

दुसरे वैशिष्ट्य पोषक वनस्पतीसंबंधीचे आहे. अनेक जाती गवताच्या एकाच वंशावर किंवा एकाच जातीवर जगतात. सॅमोटेटिक्स वंश हे याचे चांगले उदाहरण आहे. या वंशातील जाती बाह्यतः इतक्या सारख्या असतात, की केवळ रंगरूपावरून त्या ओळखणे बहुधा अशक्य असते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ राइनहार्ट रेमाने यांनी १९६५ मध्ये सॅमोटेटिक्स नार्डेटी या जातीचे वर्णन केले. निकस, अम्लीय जमिनीवर वाढणाऱ्या नार्डस स्ट्रिक्टा या राठ गवतावर ती राहते. या गवताच्या कुरणाला वनस्पतिविज्ञानात ‘नार्डेटम’ म्हणतात. त्यावरून जातीचे नाव पडले. तिच्याच वंशातील सॅमोटेटिक्स सेफॅलोटीस ही जाती ब्रायझा मीडिया या दुसऱ्या गवतावर आढळते. यामुळे कीटक कोणत्या गवतावर मिळाला याची नोंद वर्णनाचा आवश्यक भाग समजली जाते.

नमुने गोळा करणे : गवतावरून कापडी जाळे झपाट्याने फिरवून तुडतुडे पकडतात. बुंध्याशी राहणाऱ्या आखूड पंखी जाती या पद्धतीने हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी हवा ओढून घेणारे शोषकयंत्र वापरतात. जातीची निश्चिती मुख्यतः प्रौढ नरावरून होत असल्याने योग्य ऋतूत जाणे महत्त्वाचे असते. सह्याद्रीच्या माथ्यावरील गवते पावसाळ्यात वाढतात व पुढे वाळून जातात, म्हणून तेथे अनुकूल काळ मर्यादित असतो. प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिनांक, संग्राहक व गवताचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. अशी चिठ्ठी नसलेल्या नमुन्याचे शास्त्रीय मूल्य अत्यल्प असते.

तपासणी : वाळविलेला कीटक कागदाच्या लहान त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला डिंकाने चिकटवून तो तुकडा टाचणीवर बसवितात. नंतर नराच्या उदराचा भाग वेगळा करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या सु. १०% विद्रावात ठेवतात. त्यामुळे स्नायू व इतर मऊ भाग विरघळतात आणि कठीण सांगाडा शिल्लक राहतो. तो पाण्याने धुऊन ग्लिसरिनात ठेवतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील जननेंद्रियांचे निरीक्षण करतात. शिश्नाचा आकार, त्यावरील काटे व शाखा, छिद्राची जागा आणि बाजूच्या पट्टांची ठेवण ही लक्षणे जातिभेद दाखवितात. त्यांची वरून व बाजूने दिसणारी दृश्ये रेखाटतात. तपासलेला भाग ग्लिसरीन भरलेल्या इवल्या कुपीत घालून त्याच टाचणीला जोडून ठेवतात. निकटच्या जातींतील माद्या पुष्कळदा एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

यास अलीकडे दोन साधनांची जोड मिळाली आहे. पहिले ध्वनीचे होय. तुडतुडे परस्परांना बोलावण्यासाठी उदराच्या तळाशी असलेल्या इंद्रियांनी कंपने निर्माण करतात व ती वनस्पतीच्या खोडातून पसरतात. माणसाला ती सहसा ऐकू येत नाहीत. स्वीडिश शास्त्रज्ञ फ्रेय ओसियानिलसन यांनी १९४९ मध्ये या विषयावरील मूलभूत संशोधन प्रसिद्ध केले. ही कंपने बहुधा प्रत्येक जातीत भिन्न असतात. दुसरे साधन डीएनएचे होय. २००३ पासून कलकणूंतील एका विशिष्ट जनुकाच्या ६५८ घटकांच्या क्रमावरून प्राणी ओळखण्याची पद्धत रूढ झाली. तथापि काही निकटच्या जातींत हा क्रम जवळजवळ सारखाच आढळतो. म्हणून केवळ त्यावर विसंबून निर्णय घेत नाहीत.

वर्णन व नामकरण : नमुना नवा ठरविण्यापूर्वी त्याची तुलना त्या वंशातील ज्ञात जातींच्या मूळ नमुन्यांशी करावी लागते. भारतातील अनेक जातींची पहिली वर्णने डब्ल्यू. एल्. डिस्टंट यांनी ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत १९०८ व १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडांत केली. त्यांत जननेंद्रियांची माहिती जवळजवळ नसल्याने जुने नमुने पुन्हा तपासणे भाग पडते. बंगलोरच्या कृषिविज्ञान विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी या दिशेने विस्तृत संशोधन केले.

नामकरण प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार होते. त्यासाठी लिनीअस यांच्या ग्रंथाची १७५८ ची दहावी आवृत्ती आरंभबिंदू मानतात. नाव दोन शब्दांचे असते : पहिला वंशाचा व दुसरा जातीचा. नव्या जातीचे वर्णन करताना एक नमुना ‘पूर्णप्ररूप’ म्हणून निवडतात; पुढे ते नाव कायम त्या नमुन्याशी निगडित राहते. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या नावांसाठी असा नमुना स्पष्टपणे निर्दिष्ट करणे व तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे सांगणे बंधनकारक आहे. २०१२ पासून विशिष्ट अटींवर इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. वर्णनात निकटच्या जातींपासूनचा फरक, मोजमापे, आकृत्या, तपासलेल्या नमुन्यांची यादी व नावाची व्युत्पत्ती यांचा समावेश असतो.

महत्त्व : या कामाचा शेतीशी निकटचा संबंध आहे. सॅमोटेटिक्स नार्डेटी ही डोंगरी गवतावरील जाती आहे. परंतु त्याच वंशातील सॅमोटेटिक्स एलिएनस ही जाती गव्हाच्या खुरटेपणाच्या व्हायरसाचा प्रसार करते. या रोगाची नोंद १९६१ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात झाली. भाताच्या टुंग्रो रोगाबाबतही असाच अनुभव आला. १९६५ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या रोगाचा प्रसार नेफोटेटिक्स इंपिक्टिसेप्स या हिरव्या तुडतुड्यामुळे होतो, असे प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये एम्. एस्. के. घौरी यांनी हा वंश नव्याने तपासला तेव्हा डिस्टंट यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेली जाती हीच असल्याचे दिसून आले. अग्रक्रमाच्या नियमानुसार नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स हे नाव ग्राह्य ठरले. एकाच कीटकाची दोन नावे असली म्हणजे त्याच्याविषयीची माहिती दोन ठिकाणी विखुरते. उलट दोन जाती एका नावाखाली आल्यास निरुपद्रवी जातीवर रोगप्रसाराचा आरोप येऊ शकतो.

पर्वतीय गवताळ प्रदेशांच्या बाबतीत हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. तमिळनाडूतील पळणी टेकड्यांवरील गवताळ क्षेत्र १९७३ ते २०१४ या काळात सु. दोन-तृतीयांशाने घटले; त्याची जागा प्रामुख्याने निलगिरी, वॅटल व पाइन यांच्या लागवडींनी आणि शेतीने घेतली. झाडे लावल्याने डोंगर हिरवा दिसतो, परंतु गवतावरच जगणाऱ्या आणि उडता न येणाऱ्या कीटकाला तेथे आसरा उरत नाही. एकाच माथ्यावर राहणारी जाती अशा वेळी वर्णन होण्यापूर्वीच नष्ट होऊ शकते. तिचे वर्णन झालेले असल्यास ती कोठे, किती उंचीवर व कोणत्या गवतावर राहत होती याची नोंद राहते आणि कोणते गवताळ क्षेत्र राखले पाहिजे हे ठरविण्यास त्या नोंदीचा आधार मिळतो.