धुतले, पण स्वच्छ झाले का?



हंगामात साफसफाईसाठी गाळप काही तास थांबते, तेव्हा गव्हाणीपुढे वाहनांची रांग लागते आणि शेतकी ऑफिसात आम्हाला बोल ऐकावे लागतात. अशाच एका दिवशी आपले एक जुने सभासद ट्रॅक्टर रांगेत लावून थेट मिल हाऊसमध्ये आले. रोलर धुऊन झाले होते, लोखंड चकचकत होते. ते रसाच्या पन्हाळीजवळ वाकले आणि म्हणाले, "साहेब, धुतलंय म्हणता, मग ह्यो आंबूस वास कुठनं येतोय?"

मी शेतकीचा माणूस, मिल हा माझा प्रांत नव्हे. पण प्रश्न बिनतोड होता. तो घेऊन मी केमिस्टसाहेबांकडे गेलो. त्यांनी जे करून दाखवले, ते सभासदांनाही माहीत असावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

ज्या गाडग्यात काल दही लावले ते नुसते विसळून त्यात दूध ओतले, तर विरजण न घालताही ते बिघडते. मिलमध्ये हेच होते. उसाच्या रसात साखर आहे, पाणी आहे, ऊब आहे. जंतूंना आणखी काय हवे? त्यातला मुख्य चोर 'ल्युकोनोस्टॉक'. व्हॅन टिगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली त्याला हे नाव दिले. हा जंतू साखर फोडतो, तिच्यातल्या ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या विणतो आणि त्यांचा बुळबुळीत थर अंगाभोवती गुंडाळून बसतो. त्या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात. त्याने रस दाट होतो, गाळणी तुंबते, पॅन उकळायला वेळ लागतो, साखरेचा दाणा लांबट पडतो. वर आणखी एक गंमत, म्हणजे आपल्या दृष्टीने थट्टाच. प्रयोगशाळेत रसातली साखर प्रकाशाच्या वळण्यावरून मोजतात आणि डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवते. त्यामुळे कागदावर साखर जास्त दिसते, पोत्यात मात्र ती उतरत नाही.

रस पुढे जाऊन चांगला उकळला की हे जंतू मरतात. म्हणजे धोका कोयत्यापासून रस तापेपर्यंतच. पण तेवढ्यात नुकसान होऊन गेलेले असते, आणि मेलेला जंतू तयार झालेले डेक्स्ट्रान काही परत घेत नाही.

आता तपासणी. निर्जंतुक पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा काडीला लावलेला असतो, त्याला स्वॅब म्हणतात. धुतलेल्या लोखंडावर दहा सेंटीमीटर लांब व तेवढाच रुंद चौकोन धरायचा आणि त्यात बोळा आडवा-उभा दाबून फिरवायचा. मग तो निर्जंतुक द्रावणात हलवून त्यातले थेंब साखर घातलेल्या आगरच्या ताटलीत पसरायचे आणि ताटली दोन दिवस उबेत ठेवायची. जिथे जिवंत जंतू पडला तिथे ठिपका उगवतो. ल्युकोनोस्टॉकचा ठिपका फुगीर, चिकट, शेंबडासारखा दिसतो. शब्द बरा नाही, पण तसाच दिसतो.

यात एक मेख आहे. धुण्याच्या पाण्यात क्लोरीनचे औषध असेल, तर ते बोळ्याबरोबर द्रावणातही येते, तिथे जंतू मारते आणि ताटली कोरी राहते. आपण मात्र मिल स्वच्छ समजून खूश. म्हणून द्रावणात क्लोरीन निकामी करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घालावे लागते.

आम्ही त्या दिवशी चार जागा घेतल्या. रोलरच्या तोंडाची ताटली जवळजवळ कोरी निघाली. ट्रॅश प्लेटखालची, चाळणीच्या मागच्या बाजूची आणि पन्हाळीच्या कोपऱ्याची ताटली मात्र अशी भरली की ठिपके मोजता येईनात. पाण्याचा झोत जिथे समोरून लागतो तिथे स्वच्छ, आणि माणसाला वाकून हात घालावा लागतो तिथे घाण! बुळबुळीत थर नुसत्या पाण्याने निघत नाही. तो आधी खरवडायचा, मग वाफ किंवा कढत पाणी मारायचे.

ताटलीला दोन दिवस लागतात, तोवर मिल कितीतरी ऊस गाळून मोकळी होते. त्यासाठी आता हातात मावणारे एक यंत्र मिळते. काजव्याच्या अंगातला उजेड एटीपी या रसायनाने पेटतो, हे १९४७ साली मॅकेलरॉय यांनी दाखवले, आणि हे एटीपी प्रत्येक जिवंत पेशीत असते. बोळ्यावर एटीपी असेल तितका उजेड पडतो आणि यंत्र मिनिटाच्या आत आकडा देते. पण उसाच्या रसातही एटीपी असतेच. त्यामुळे आकडा मोठा आला तर जंतू आहेत की रस राहिला, हे यंत्र सांगत नाही. दोन्ही प्रकारांत पुन्हा धुवा, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळे तुम्हाला कशाला सांगतो? २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि त्यावर उताऱ्यात ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ते ३,४६० रुपये झाले. उतारा घसरला की आम्ही शेतकी खात्याचे लोक गटात येऊन सांगतो, "तुमचा ऊस शिळा." ते खोटे नाही. तोडलेल्या उसाच्या टोकातून हाच जंतू आत शिरतो आणि ऊस जितका उन्हात पडेल तितका माजतो. जळका ऊस तर त्याहून लवकर बिघडतो. पण त्या तीन ताटल्या पाहिल्यावर कबूल केले पाहिजे की सगळे खापर तुमच्या माथी फोडणे बरोबर नव्हते. मीही ते फोडले आहे.

आता दर साफसफाईला त्याच जागांचे, खरवडून धुतल्यावर, मिल सुरू होण्यापूर्वी स्वॅब घ्यायचे ठरले आहे. ताटल्या दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पाहायला मिळतील. ज्यांना रांगेत थांबावे लागते त्यांनी जरूर यावे. ते जुने सभासद पहिल्याच खेपेला आले होते. ताटलीकडे बघून म्हणाले, "आता नाक कशाला लावायचं, डोळ्यानंच दिसतंय की."