दहा सेंटिमीटर

गुरुवार, आयबीटीचा, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञान हातांनी काम करत शिकण्याचा दिवस. पुणे जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात नववीचा वर्ग कार्यशाळेच्या दाराशी जमलाय. दाराला दोन पायऱ्या, मिळून तीस सेंटिमीटर उंच. आजवर मित्र ज्याला व्हीलचेअरसकट उचलून आत न्यायचे, तो मुलगा या पायऱ्यांसमोर पाण्याची नळी धरून डोळा बारीक करतोय. चढ तीस, तर उताराची लांबी बारापट, ३६० सेंटिमीटर, हा हिशोब फळ्यावर झालेला आहे. मुरमाचा भरावही गेल्या आठवड्यात झाला. आज काँक्रीट.

"दारापासून १२० वर किती उतरलं?"

वरच्या टोकाला नळी धरलेली मुलगी थांबते. नळीतलं पाणी डुलतं, स्थिर होतं. तिसरा कुणी टेप लावतो.

"अकरा!"

"दहा पायजे. एका सेंटिमीटरचा खड्डा हाय तिथं. घमेलं आण."

मुरूम पडतो, धुमस बसतो, पुन्हा नळी. यावेळी दहा. निदेशक सर बाजूला उभे आहेत, पण कुणी त्यांच्याकडे बघत नाही, आणि मला ते फार आवडतं.

पलीकडे कठड्याचा पाईप जोडला जातोय. काच तोंडापुढे धरून एक मुलगी टाका मारते, थांबते, हातोडीने खपली उडवते, गुण्या लावून बघते. पाईप जरा कललाय. ती टाका तोडते आणि पुन्हा मारते. आत गृह-आरोग्य विभागात दोन मुलं काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात गुठळ्या धरतात का, ते निरखतायत.

मुलगी वेल्डिंगला आणि मुलगे रक्तगटाला, हे आपोआप घडलेलं नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी मुंबईतली हिंदुस्तान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. आयबीटी तिथली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य, या चारही विभागांत मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाची पाळी येतेच. "आवडेल ते घ्या" म्हटलं असतं, तर मुली शेगडीकडे आणि मुलगे लोखंडाकडे गेले असते, याबद्दल मला शंका नाही. सगळ्यांची शाळा करायची तर आधी वेळापत्रक तसं आखावं लागतं. उंबऱ्याचं काम त्याच्याच जोडीनं व्हायला हवं होतं, ते इथे उशिरा होतंय.

दुपारपर्यंत काँक्रीट ओतून होतं. पृष्ठभाग गुळगुळीत करू पाहणाऱ्याला व्हीलचेअरमधला मुलगा अडवतो, "घोटू नको, चाक घसरंल." मग खराट्याने आडव्या रेघा ओढल्या जातात. वर ओली पोती.

सात दिवस पाणी मारायचंय. तो मांडीवर वही घेऊन पाळ्या लिहितो. रविवारसमोर कुणाचं नाव टाकायचं, म्हणून वर बघतो. सगळे घमेली धुण्यात गुंतलेत. तो आपलंच नाव लिहितो.