पब, डीजे आणि आपली मुलं

धुळे-जळगाव रस्त्यावरच्या आपल्या पारोळ्यात नाईट क्लब नाही की पब नाही. मग या विषयाशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. तालुक्यातली मुलं-मुली शिकायला आणि नोकरीला पुणे, मुंबई, नाशिक, सुरतला जातात. तिथे कंपनीची पार्टी पबमध्ये होते, मित्राचा वाढदिवसही तिथेच होतो. अम्मी फोनवर विचारते, "कहाँ है बेटा?" आणि उत्तर येतं, "रूम पे हूँ." कधी ते खरं असतं, कधी नसतं.

दुसरं असं, की पब गावात आला नसला तरी त्याचा आवाज आणि फिरते दिवे आलेच आहेत. हळदीच्या रात्री, वरातीत, कुठे कुठे तर संदलच्या मिरवणुकीतही डीजे वाजतो. म्हणून या विषयावर "हराम आहे, बस" एवढं बोलून आपली सुटका होत नाही. हराम ते हरामच. पण मुलांना का ते समजावायचं असेल, तर आधी आपण ते नीट समजून घ्यायला हवं.

रात्रीची बैठक जुनीच

रात्री चार माणसांनी एकत्र बसावं, ऐकावं, हसावं ही माणसाची जुनी गरज आहे. आपल्या खानदेशात जत्रेला तमाशाचा फड लागायचा, उरुसाला कव्वालीचा मुकाबला रंगायचा, मुशायऱ्यात पहाटेपर्यंत शेरांना दाद मिळायची. पेशवाईतले नावाजलेले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते. त्यांच्या लावण्या सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. कव्वाली आणि तमाशाबद्दल आपल्या उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, ती आपण जाणतो. सांगायचं एवढंच, की शहरात एकट्या पडलेल्या मुलाला रात्री सोबत हवी असते. ती दुसरीकडे मिळाली नाही की तो पबच्या दारात उभा राहतो. त्याला तिथे दारू ओढून नेते असं नाही, बहुतेक वेळा एकटेपण नेतं.

क्लबातून सिनेमात

नाईट क्लबने कलेला काहीच दिलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझचे बँड वाजत. त्यात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. पुढे इंग्रज गेले, 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या त्या रात्री ओसरल्या. पोटासाठी बरेच वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट त्यांतलेच. पुणतांब्यात जन्मलेले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केलं, आणि 1951 च्या 'अलबेला' चित्रपटाच्या गाण्यांत तो क्लबातला ठेका घरोघर पोचला. आपल्या वडीलधाऱ्यांनी रेडिओवर ऐकलेली कितीतरी गाणी त्याच वाटेने आली आहेत.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दारू गेली, क्लब ओसरले, तरी संगीत टिकलं. म्हणजे कला दारूवर जगत नव्हती. दारूच कलेच्या नावावर विकली जात होती.

नाचणाऱ्या बाईचं काय?

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत मोठा वाद झाला तो डान्स बारचा. 2005 मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात सरकारने डान्स बारवर बंदी घातली. पण तीन तारांकित आणि त्याहून मोठी हॉटेलं, क्लब, जिमखाने यांना त्यातून वगळलं. म्हणजे गरिबाच्या बारमधला नाच अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलातला सभ्य! 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाच भेदभाव नापसंत करून बंदी रद्द केली, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. 2016 मध्ये सरकारने नवा कायदा केला. 17 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या. मात्र नाचणारीवर नोटा उधळण्याची मनाई कायम ठेवली.

या खटल्यात सुमारे 75,000 बायकांचा रोजगार गेल्याचा आकडा पुढे आला होता. बंदी आली तेव्हा समाजाने टाळ्या वाजवल्या, पण त्या बायका उद्या काय खातील हे फार थोड्यांनी विचारलं. बाईला नोटांच्या पावसात उभं करणं ही तिची बेइज्जती आहे, याबद्दल आपल्या मनात शंका नाही. पण तिला भाकरी न देता रस्त्यावर सोडणं हीदेखील बेइज्जतीच आहे. विधवा आणि यतीम यांचा हक्क सांगणाऱ्या उम्मतीने हा दुसरा भाग विसरता कामा नये. जी बोटं नाचणारीकडे वळतात, ती नोटा उधळणाऱ्याकडे का वळत नाहीत, हेही विचारायला हवं.

धोका खरा आहे

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवरच्या पबला आग लागली. 14 माणसं गेली. त्यातली बरीच स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरली. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पार्टी करून निघालेल्या 17 वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट 25 आहे, बिअरसाठी 21. कायदा कागदावर होता, पण दारावर कुणी वय विचारलं नाही.

आणि आवाजाचं काय? 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असं तज्ज्ञ मानतात. 100 डेसिबलला तीच मर्यादा सुमारे 15 मिनिटांवर येते. डीजेच्या भिंतीपुढे आपली पोरं तासन् तास नाचतात, कडेवरची लेकरंही तिथेच असतात. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला कायद्याने मनाई आहे. त्या वेळी शेजारच्या घरात कुणी आजारी असेल, कुणाची सकाळी परीक्षा असेल. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको.

दीन आनंदाला बंदी करत नाही

सूरह बकरामध्ये दारू आणि जुगार यांच्याबद्दल सांगताना कुरआन हे नाकारत नाही, की त्यांत लोकांना काही फायदाही आहे. पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे, असं तो बजावतो. मुलांशी बोलायची हीच रीत आहे. पबमध्ये काहीच मजा नसते, असं सांगाल तर मूल तुम्हाला खोटं ठरवेल. मजा आहे, पण तिची किंमत काय, हे दाखवा.

ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी मुली गात होत्या, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना गाऊ दिलं. हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ मस्जिदीत झाला आणि तो त्यांनी हजरत आयेशांना दाखवला. निकाह जाहीर व्हावा म्हणून दफ वाजवण्याची मोकळीकही दिली. आनंदाला जागा आहे, हद्दही आहे. इशानंतर विनाकारण गप्पा मारत जागणं त्यांना आवडत नसे, हेही आपण वाचतो. फजर चुकवणारी रात्र तोट्याचीच.

आपण काय करावं?

पहिलं, लग्नघरातून सुरुवात करावी. निकाह साधा ठेवावा, हळदीचा डीजे बंद करावा. ज्या बापाने स्वतःच्या अंगणात रात्री एकपर्यंत डीजे वाजवला, त्याने पुण्यातल्या मुलाला पबबद्दल कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसरं, मुलगा-मुलगी शहरात जातील तेव्हा हॉस्टेलच्या फीबरोबर तिथली मस्जिद, ओळखीचं कुटुंब, गावाकडची दोन मुलं यांचाही पत्ता हातात द्यावा. आठवड्यातून एकदा ज्या घरी जेवायला जाता येतं, ते घर मोठा आधार असतं.

तिसरं, खरं बोलायला जागा ठेवावी. "अम्मी, आज ऑफिसची पार्टी पबमध्ये आहे, काय करू?" असं विचारणाऱ्या मुलीवर ओरडू नये. तिने विचारलं, हीच मोठी गोष्ट आहे. ओरडलात तर पुढच्या वेळी ती विचारणार नाही, "रूम पे हूँ" म्हणेल. साहेबाला आधीच सांग, जेवणाची पार्टी हॉटेलात ठेवा म्हण, नाहीच जमलं तर सरळ नकार दे, असं तिच्यासोबत बसून ठरवावं.

चौथं, गावात संध्याकाळी तरुणांना बसायला जागा हवी. वाचनालय उघडं ठेवा, महिन्यातून एक मुशायरा किंवा नातचा कार्यक्रम ठेवा, आणि तो दहाच्या आत संपवा. मुलींनाही त्यात जागा द्या. नुसतं 'नाही' सांगून पोरं थांबत नाहीत. त्यांना बसायला दुसरी चांगली जागा दाखवावी लागते, आणि ती तयार करणं आपल्याच हातात आहे.