पावणेपाच ते साडेदहा

पहाटे पावणेपाच

डोंबिवलीत आमच्या इमारतीला पाणी पाचच्या सुमाराला येतं आणि सहाला जातं. टाकी आहे, पंपही आहे, पण पंप कुणी चालू करायचा यावर सोसायटीच्या प्रत्येक सभेत वाद होतो. म्हणून मी आपलं पिंप आणि बादल्या भरून मोकळी होते. दापोलीकडच्या आमच्या घराला विहीर आहे. धाकटा भाऊ फोनवर हसतो, "ताई, तुम्ही पाण्यासाठी गजर लावता?" लावतो बाबा. तरीही पाण्याबद्दल फार तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. मुंबईचं बरंचसं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येतं. त्यांतल्या भातसा-तानसाच्या शहापूर तालुक्यातच उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात, बायका कोरड्या विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. महानगराच्या नळाचं सगळं बिल महानगरच भरतं, असं मला कधी वाटलं नाही.

सहा ते सात

चहा, डबे, नवऱ्याच्या गोळ्या. यात शहराचं म्हणून काही नाही.

सव्वासात

फलाट. जुलै महिना, त्यामुळे छत्री, रेनकोट, ओल्या पर्सा आणि त्यांच्या मधे आम्ही.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या सगळ्यांना पुरणाऱ्या नाहीत. कल्याण-डोंबिवलीची वस्ती २०११च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर शिळफाट्याच्या बाजूला किती टॉवर उभे राहिले ते नुसतं बघितलं तरी कळतं. ज्यांना बसायला जागा हवी असते त्या आधी उलट्या दिशेने कल्याणला जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की बसून येतात. याला रिटर्न मारणं म्हणतात. डोंबिवलीला चढणाऱ्या बायकांचा या रिटर्नवाल्यांवर जुना राग आहे आणि त्यावरून डब्यात रोज सकाळी भांडण होतं. मी दोन्ही बाजूंनी भांडलेली आहे. गुडघा दुखत असेल तर रिटर्न, नसेल तर तत्त्वाची बाजू.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न एकच, "कुठे उतरणार?" ठाण्याला उतरणारी बाई सोन्याची. तिची जागा मला, माझी सीएसएमटीपर्यंतची जागा कुणालाच नाही. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवता आलं तरी दिवस बरा जातो. ही व्यवस्था कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सरकारी नियमांपेक्षा ती जास्त पाळली जाते.

दारात मात्र मी आता उभी राहत नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काही जण गेले. ऑफिसला निघालेली माणसं होती. मग स्वयंचलित दारांच्या घोषणा झाल्या. दार बंद झालं तर आत हवा कुठून येणार, हा पुढचा प्रश्न. आणि दार बंद होण्यासाठी जितकी माणसं बाहेर राहावी लागतील, ती ऑफिसला कशी पोहोचणार, हा त्याच्याही पुढचा. १८५३ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत रूळ आले, १८५४ला कल्याणपर्यंत. शहर त्या रुळांच्या कडेने लांबत गेलं आणि आम्ही त्याच्या टोकाला लोंबकळत राहिलो.

पावणेनऊ

दादर गेलं की डबा सैल होतो आणि खिडकी दिसते. करी रोड आणि चिंचपोकळीच्या मधे मी वाचत असलेलं मिटून बाहेर बघते. माझे वडील लालबागला गिरणीत होते. दहा बाय बाराची खोली, सामाईक नळ, सामाईक संडास आणि खाली गणपतीचा मांडव. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यांतल्या बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. आमची खोली गेली, पगडीचे पैसे आले, त्यात डोंबिवलीत वन रूम किचन बसलं. आता गिरणीच्या जागेवर काचेचा मनोरा आहे. मला त्या मनोऱ्याचा राग येतो असं नाही. चाळीतल्या संडासाची रांग ज्याने काढली आहे त्याने चाळीचे फार गोडवे गाऊ नयेत. पण एवढं खरं, की हे शहर ज्यांच्या हातांनी चाललं त्यांच्या मुलांना रोज दोन वेळा तिकडे प्रवास करावा लागतो, राहता येत नाही. मोठ्या शहराचा सगळ्यात मोठा तोटा मला विचाराल तर धूर नाही, आवाज नाही, घराची किंमत हा आहे. बाकीचे बरेच तोटे तिच्याच पोटातून निघतात. माझे प्रवासातले तास, मुलाचं पाळणाघर, आईची शेवटची वर्षं ज्या बाईने बघितली ती पगारी बाई.

सव्वानऊ

सीएसएमटी. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत १८८८मध्ये पूर्ण झाली, २००४मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिचा घुमट मी फक्त पावसात बघते, कारण तेव्हा छत्री उघडायला थांबावं लागतं. ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, पायी वीसेक मिनिटं.

साडेअकरा

ऑफिसात कस्टम्सची कागदपत्रं, त्याचं वर्णन नको.

आमच्याकडे परभणीची एक मुलगी नवीन लागली आहे. चोवीस-पंचवीस वर्षांची. ती मला म्हणाली, "मॅडम, इथे आल्यापासून मी संध्याकाळी कुठे गेले होते हे कुणी विचारलेलं नाही." हे ती ज्या सुखाने म्हणाली ते मला कळलं. गावात माणूस आजारी पडला तर दारात वीस माणसं उभी राहतात, आणि त्याच वीस माणसांना तुमच्या पोरीची जात, पगार, लग्नाचं वय आणि मोबाइलवर कोण बोलतं ते ठाऊक असतं. शहरात शेजारचा मेला तरी कळत नाही अशी टीका करणाऱ्यांनी एकदा या मुलीशी बोलावं. कुणाला काही न कळण्यातही मोठी मोकळीक आहे.

पण तिला भाड्याची खोली शोधायची होती तेव्हा मात्र सगळ्यांना सगळं विचारायचं होतं. आडनाव काय, मांसाहार करता का, मित्र येणार का, रात्री किती वाजता परत येणार. एजंटने आडनाव ऐकून "मालकांना विचारून सांगतो" म्हटलं आणि परत फोन केला नाही. शेवटी हॉस्टेल मिळालं. म्हणजे रस्त्यावर तिला कुणी ओळखत नाही, आणि दारात उभी राहिली की तिची जात ओळखतात. शहर माणसाला मोकळं करतं हे आपण फार सरसकट म्हणतो. रस्ता करतो, घरमालक करत नाही.

तीन

आभाळ काळंकुट्ट. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुर्ल्याला पाणी भरल्याची बातमी, त्याखाली कुणीतरी चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ टाकलेला, त्याखाली "निघावं का?"

२६ जुलै २००५ला मी निघाले होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. सायनच्या आसपास कमरेएवढ्या पाण्यातून चालताना एका अनोळखी मुलाने माझी पर्स आपल्या डोक्यावर धरली. पुढे एका चाळीतल्या बाईंनी आम्हा सात-आठ जणींना रात्री आत घेतलं, कोरडे गाउन दिले, खिचडी केली. त्यांचं नाव मी विचारलं होतं, पत्ता परत सापडला नाही. हे सगळं खरं आहे, आणि तरी "मुंबई स्पिरिट" हे शब्द वाचले की माझं डोकं सटकतं. मिठी नदी कचऱ्याने आणि भरावाने गुदमरली म्हणून पाणी तुंबलं, आणि कौतुक झालं खिचडीचं. लोक एकमेकांना सांभाळून घेतात हे एकदा सिद्ध झालं, की गटारं साफ करायची घाई कुणालाच राहत नाही.

चारच्या आत ऊन पडलं. कुणी निघालं नाही.

सव्वाचार

गावाहून चुलतभावाचा फोन. वहिनीला टाटा हॉस्पिटलला दाखवायला सांगितलंय, चार दिवस तुझ्याकडे राहू का? राहा. १९४१पासून परळला हे हॉस्पिटल आहे. देशभरातून माणसं येतात आणि ज्यांचं मुंबईत कुणी नाही ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघतात, नाहीतर हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकतात. आमच्यासारखं डोंबिवलीचं घर असणं म्हणजे गावातल्या वीस-पंचवीस घरांचा मुंबईतला पत्ता असणं. सोफ्यावर कोण झोपणार हे आता आम्ही बोलतही नाही. जे नातलग मुंबईला नावं ठेवतात त्यांच्याही रिपोर्टांच्या फायली आमच्या कपाटावर आहेत.

सहा

आज घरी जायच्या आधी नागदेवी स्ट्रीटला गेले. भावाच्या विहिरीवरच्या पंपाचं मेकॅनिकल सील गळतं आहे. दापोलीच्या दुकानदाराने "हे मॉडेल बंद झालं, नवा पंप घ्या" म्हणून सांगितलं. भावाने जुनं सील कागदात गुंडाळून एका ओळखीच्याबरोबर माझ्याकडे पाठवलं.

क्रॉफर्ड मार्केटवरून पुढे गेलं की गल्ल्यांची वाटणी सुरू होते. मंगलदास मार्केटला कापड, लोहार चाळीत विजेचं सामान, झवेरी बाजारात सोनं, आणि नागदेवीला नट-बोल्ट, बेअरिंग, पट्टे, हत्यारं. हातगाड्या, डोक्यावर लोखंड घेतलेले हमाल, "साइड, साइड" असा सतत ओरडा. दोन दुकानांत नाही म्हणाले, पण दोघांनीही पुढचं दुकान सांगितलं. तिसरं दुकान जेमतेम कपाटाएवढं. आत एक म्हातारे बोहरी गृहस्थ, आणि भिंतीभर लहान लहान खण. त्या दुकानात फक्त सील आणि ओ-रिंग मिळतात. दुसरं काहीही नाही.

"शाफ्ट किती एमएमचा, बेन?"

मला काय माहीत! मी कागद उघडला. त्यांनी जुनं सील बोटात फिरवलं, कॅलिपर लावला नाही, मागे न बघता एक खण ओढला आणि तेच सील काचेवर ठेवलं. दोनशेच्या आत काम झालं.

असं दुकान दापोलीत चालणार नाही. तिथे या मापाचं सील वर्षाला एक-दोन जणांना लागत असेल. त्यावर कुणाची चूल पेटणार? ते चालतं कारण इथे, आणि इथल्या मालावर जगणाऱ्या पंचक्रोशीत, कोट्यवधी माणसं आहेत. प्रायोगिक नाटकाला दीडशे प्रेक्षक मिळतात ते याच हिशेबाने, दुर्मीळ आजाराचा डॉक्टर मिळतो तोही, आणि परभणीच्या मुलीला कुणी ओळखत नाही तेही याच हिशेबाने. सकाळी माझ्या बरगड्यांत कोपर घालणारी गर्दी आणि या म्हाताऱ्याचं दुकान चालवणारी गर्दी एकच आहे. फायदे ठेवून तोटे काढून टाकू म्हणणारे नगररचनाकार मला भेटतात ते फक्त रविवारच्या पुरवणीत. गर्दी कमी करता येणार नाही असं नव्हे. गाड्या वाढवा, परवडणारी घरं कामाच्या जवळ बांधा, कोपर नक्की कमी लागेल. त्याऐवजी सागरी मार्गावर मोटारी धावतात, आणि रेल्वेतल्या माणसाला मिळते फक्त उद्घोषणा.

पावणेआठ ते सव्वानऊ

उभ्याने प्रवास. समोरच्या दोघी पालक निवडतायत, एकीने फोनवरच मुलीचा पाढा घेतला. गाडी कुर्ल्याला रखडली. मला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण दिवसात मला कुणी काही मागत नाही असा हाच एक तास आहे.

डोंबिवलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत. रात्रीचे नऊ वाजून गेलेत, फुलवाली आहे, वडापाव आहे, शिकवणीहून सुटलेली पोरं आहेत. एकटी बाई म्हणून माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. माझ्या आईला ही चैन लालबागमध्ये होती, आजीला गावात नव्हती.

साडेदहा

जेवणं झाली. टेबलावर पुनर्विकासाचा करारनामा. आमची चार मजली इमारत पाडून बावीस मजली होणार. आम्हाला थोडी जास्त जागा, बिल्डरला बाकी सगळं, आणि त्याच अरुंद रस्त्यावर पाचपट माणसं, त्याच पाण्याच्या लाइनवर पाचपट नळ.

नवरा म्हणाला, "सही करू, नवं घर मिळालं की विकू आणि गावाला जाऊ. विहीर आहे, आंबे आहेत. तुझा पंपही आता चालू होईल."

"रात्री दोनला छातीत दुखलं तर गावात कोण आहे?"

"आणि इथे? अँब्युलन्स शिळफाट्याला अडकलेली असेल."

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे वाद वाढला नाही. सही मी करणार आहे. मात्र बावीस मजल्यांना एकच लिफ्ट दाखवलीय. दोन हव्यात, आणि त्यातली एक स्ट्रेचर मावेल एवढी, हे आधी लिहून घेणार.